अडीचशे का नाही?

३ एप्रिल

काका,

नमस्कार. फोनच केला असता, पण तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि मग तुम्ही काहीही न ऐकता "हो हो" म्हणत राहता. हे काम "हो हो"वर भागण्यातलं नाही, म्हणून पत्र.

आमचे अकाउंटंट नोकरी सोडून गेले आणि नफ्याच्या वाट्याचा हिशेब माझ्या गळ्यात आला. तुम्ही एकोणतीस वर्षं ज्या टेबलाशी बसलात त्याच टेबलाशी मी बसते. त्याचा डावा खण अजूनही लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. धाकटे साहेब म्हणाले, "हे सगळं तुमच्या काकांनीच बसवलंय, तुम्हाला जमेल." म्हणजे जमलं नाही तर नाक तुमचं कापलं जाणार, हे लक्षात घ्या.

मला समजलंय ते असं. वर्षाच्या निव्वळ नफ्यातले आठ टक्के कामगारांसाठी बाजूला काढायचे. प्रत्येकाचा मूळ पगार गुणिले हजेरीचे दिवस, ते त्याचे गुण. सगळ्यांच्या गुणांची बेरीज करायची आणि त्या प्रमाणात रक्कम वाटायची. यंदा पंप चांगले खपलेत, तेव्हा एकेकाला साधारण सव्वा महिन्याचा पगार मिळेल. इथवर सरळ आहे.

अडतंय ते पुढे. हजेरी दोनशे पंचावन्न दिवसांच्या खाली गेली की वाटा शून्य. कमी नाही, शून्य. यंदा एकशे त्रेचाळीस जणांत असे चौघे आहेत. एक ड्रायव्हर, पाय मोडलेला. दोघे स्टोअरमधले. आणि पॅकिंगच्या मावशी, ज्यांना तुम्ही ओळखता, त्या बोलताना कान झाकून घ्यावे लागतात त्या. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्यांचे दिवस भरतात दोनशे त्रेपन्न. काल टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "टाके पडलेले असताना दोन दिवस आधी आले असते तर चाललं असतं का गं?" 

मला एवढंच सांगा, हा आकडा आला कुठून? माणूस नियम करतो तेव्हा गोल आकडा घेतो. अडीचशे का नाही?

घरी सगळं ठीक. बाबांनी रिटायर झाल्यापासून शेजारपाजारच्या सगळ्या नळांचे वॉशर बदललेत, आता ते लोकांनी नवीन नळ बसवायची वाट बघतायत.

तुमची,
ठकू

•

९ एप्रिल

ठकू,

पत्र मिळालं. अक्षर सुधार. सात आणि एक यांत फरक दिसला पाहिजे, आपल्या धंद्यात त्याच्यावर माणसाचं पोट असतं.

पंचावन्नचं कोडं फार मोठं नाही. वर्षाचे कामाचे दिवस ढोबळमानानं तीनशे धरले, त्याचे पंच्याऐंशी टक्के होतात दोनशे पंचावन्न. जो पंच्याऐंशी टक्के हजर नाही, त्याचा नफा मिळवण्यात हातभार कमी, असा विचार. इतकंच.

हिशेबाबद्दल चार गोष्टी. गुणांची बेरीज दोनदा कर, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. यंत्रावर केलीस तरी कर. पैशांचे अपूर्णांक सगळ्यांचे एकाच नियमानं काढ, नाहीतर शेवटी थोडी रक्कम उरते आणि कुणाची म्हणून भांडण लागतं. मध्येच पगार वाढला असेल त्याचे दोन तुकडे करून गुण काढ. आणि यादी लावण्याआधी प्रत्येक खात्याच्या मुकादमाची सही घे, म्हणजे ओरडा झाला तर तो एकट्या तुझ्यावर येत नाही.

मावशींचं वाईट वाटतं. पण नियम एकदा एकासाठी वाकवला की दरवर्षी कुणीतरी तो वाकवायला येतं. नवीन आहेस, अंगाशी येईल असं काही करू नकोस.

लेक, जावई मजेत. माझं वाचन चालू आहे.

काका

•

१५ एप्रिल

काका,

पंच्याऐंशी टक्के मला पटलं. धाकट्या साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मग जुनी नोटीस काढून फायलीला लावा, म्हणजे मावशींना दाखवता येईल." ती शोधायला मी स्टोअरच्या माळ्यावर गेले आणि नोटिशीबरोबर त्या वर्षाचं हजेरीचं रजिस्टरही मिळालं. एकतीस वर्षांपूर्वीचं. तुमचं अक्षर. सात आणि एक यांत खरंच फरक दिसतो.

नोटिशीत पंच्याऐंशी टक्के कुठेही नाही. नुसतं "दोनशे पंचावन्न दिवस". तारीख अकरा एप्रिल. म्हणजे वर्ष एकतीस मार्चला संपलं आणि त्या वर्षाला लागू होणारा नियम त्यानंतर अकरा दिवसांनी आला. परीक्षा झाल्यावर पास होण्याचे मार्क ठरवल्यासारखं.

मग मी रजिस्टर उघडलं आणि सवयीनं नावं दिवसांप्रमाणे लावली. त्या वर्षी कामाचे दिवस तीनशे तीन. सगळ्यांत खालची नावं बघितली. गेटवरचा पहारेकरी, कावीळ झालेली, दोनशे छप्पन्न. त्याच्या खाली थेट दोनशे एक्कावन्न. आणि एक्कावन्नपासून खाली अकरा माणसं. अकराच्या अकरा नावांपुढे एकेचाळीस दिवस लाल शाईत "सं" लिहिलंय.

संपाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. फाउंड्रीत धुरानं माणसं खोकून बेजार झाली होती, धूर बाहेर खेचणारे पंखे बसवा म्हणून अकराजण बाहेर बसले, बाकीचे आत राहिले, शेवटी पंखे बसले. बाबा फाउंड्रीत नव्हतेच, मशीन शॉपला टर्नर होते, तरी बसले. पण त्या वर्षी त्यांना वाटा मिळाला नाही, हे कधी ऐकलं नव्हतं. दोनशे एक्कावन्न दिवस बाबांचेच आहेत.

काल त्यांना विचारलं. म्हणाले, "दिवस कमी भरले. नियम होता."

म्हटलं, "नियम कधी आला?"

"असेल आधीपासूनच. तुझ्या काकाला माहीत."

तर काका, आता तुम्हालाच विचारते. अडीचशे ठेवले असते तर अकरातले एकटे बाबा वर राहिले असते. अडीचशे का नाही?

ठकू

•

४ मे

ठकू,

एकोणीस दिवस लावले. दोनदा पत्र लिहून फाडलं. लेक विचारत होती, तब्येत बरी नाही का? तब्येतीला काही झालेलं नाही.

जे घडलं ते लिहितो.

संप मिटला तेव्हा मोठ्या साहेबांनी, म्हणजे तुझ्या धाकट्या साहेबांच्या वडिलांनी, लेखी दिलं होतं की संपात बसलेल्या कुणावरही डूख धरला जाणार नाही. सह्या झाल्या. पंखे बसले. मार्च संपला, नफा बरा झाला होता. मला बोलावून म्हणाले, "या अकराजणांना वाटा द्यायचा म्हणजे बाहेर बसल्याचं बक्षीस देणं. पण नावं घेऊन काढता येत नाही, माझी सही आहे. नाव न घेता बाहेर राहतील असं काही आहे का तुमच्या आकड्यांत?"

मी म्हणालो, "बघतो."

नाही म्हणता आलं असतं. तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला काढून टाकलं नसतं. नाराज झाले असते, एवढंच.

तू जे केलंस तेच मी केलं. नावं दिवसांप्रमाणे लावली. छप्पन्न आणि एक्कावन्न यांच्या मधे जागा होती, त्यात रेघ मारायची होती. आधी मी अडीचशेच लिहिलं होतं. गोल आकडा, कुणी विचारलं नसतं. मग दिसलं की तुझा बाप एकटा वर राहतोय. पाच मिनिटं तो कागद तसाच ठेवला. साहेब बघणार आणि म्हणणार, भावाला बरोबर वाचवलंत. आणि ते दहाजण त्याला म्हणणार, भाऊ कचेरीत आहे म्हणून तुझं भागलं. मी स्वतःला समजावलं की हे त्याच्या इज्जतीसाठी. अडीचशे खोडलं आणि पंचावन्न लिहिलं.

इज्जत माझी होती. पुढच्याच महिन्यात मी मुख्य कारकून झालो. माझी पगारवाढ त्या आकड्याला बांधलेली होती असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती.

नियम त्या वर्षापुरता होता, पण कागद एकदा फायलीला लागला की तो आपला आपण जगतो. मी रिटायर होईपर्यंत दरवर्षी दोघे-तिघे त्याच्याखाली जात राहिले. आजारी माणसं, बाळंतिणी. मी यादी करायचो. पंच्याऐंशी टक्के मी पुढे कधीतरी शोधून काढले, कुणी विचारलं तर असावेत म्हणून. विचारणारी तू पहिली.

तुझ्या बापाला यातलं काही माहीत नाही. आता तू काय करायचं ते ठरव.

काका

•

९ मे

काका,

पत्र तीनदा वाचलं. राग आलाय. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते.

मी आकडेमोड केली. ती अट सरळ काढून टाकली आणि ज्याचे जितके दिवस तितके गुण एवढंच ठेवलं, तर चौघांनाही वाटा मिळतो. बाकीच्या एकशे एकोणचाळीस जणांचा वाटा प्रत्येकी साधारण पाऊण दिवसाच्या पगारानं कमी होतो. दिवस कमी असतील तर गुण कमीच पडतात, मग वेगळी शिक्षा कशाला? हे धाकट्या साहेबांपुढे मांडलं.

माणूस वाईट नाही. ऐकून घेतलं. म्हणाले, "वडिलांनी घातलेला नियम आहे. काहीतरी विचार करूनच घातला असणार. तो काय होता ते मला कुणी सांगू दे. चुकीचा असेल तर मी आज बदलतो. पण कारण न कळता वडिलांचा नियम मी मोडणार नाही."

कारण सांगणारा माणूस आता जगात एकच उरलाय.

तुमचं पत्र मी त्यांना दाखवणार नाही. ते मला लिहिलेलं आहे. तुम्ही कंपनीला वेगळं लिहा. वीस तारखेला यादी पक्की होते, त्याआधी आलं पाहिजे. आणि कंपनीत पत्र आलं की संध्याकाळपर्यंत ते मशीन शॉपमध्ये पोचतं, आणि तिथून चहाच्या टपरीवर, जिथे बाबा रोज सकाळी बसतात. म्हणून बाबांना आधी तुमच्याकडून कळू दे. मी सांगणार नाही. गेले दोन दिवस मी त्यांच्या समोर बसून जेवतेय आणि पंपांबद्दल बोलतेय.

ठकू

•

१३ मे

ठकू,

सोबत कंपनीसाठी पत्र आहे. वाचून दे. तुझ्या बापाला आजच वेगळं पत्र टाकलंय, ते याच्या आधी किंवा याच्याबरोबर पोचेल. त्यात सगळं लिहिलंय.

काका

(सोबतचं पत्र)

मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

आपल्या कंपनीत नफ्याच्या वाट्यासाठी किमान दोनशे पंचावन्न दिवस हजेरीची जी अट आहे, ती मी मुख्य कारकून होण्याच्या एक महिना आधी तयार केली. त्या वर्षी संपात असलेल्या अकरा कामगारांना, त्यांचे नाव न घेता, वाट्यातून वगळता यावे, हा तिचा एकमेव हेतू होता. सूचना आपल्या वडिलांची होती, आकडा माझा होता. या आकड्यामागे दुसरे कोणतेही कारण नव्हते व नाही. संपाच्या समझोत्यावर आपल्या वडिलांची सही होती, हे मला तेव्हा माहीत होते.

आपला,
निवृत्त मुख्य कारकून

•

२५ मे

काका,

झालं. कसं झालं ते सांगते.

तुमचं पत्र धाकट्या साहेबांनी उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, "माझे वडील असे नव्हते."  पत्र टेबलावर ठेवत म्हणाले, "असतीलही." मग संपाची फाईल मागवली. समझोत्यावरची सही बराच वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी खात्यांच्या मुकादमांना बोलावलं. पत्र वाचून दाखवलं नाही, पण नियम चुकीच्या कारणासाठी केला गेला होता आणि आजपासून तो नाही, असं सरळ सांगितलं. मशीन शॉपचा मुकादम म्हणाला, "म्हणजे माझा पाऊण दिवस गेला ना?" फाउंड्रीचा म्हणाला, "तू उद्या पाय मोडून घे, मग तुला परत देऊ." त्यावर हशा झाला आणि सह्या झाल्या. मी बेरीज वरून खाली आणि खालून वर केली. जुळली.

मावशींनी यादीवर स्वतःचं नाव बोट लावून तीनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "माझ्याआधी ज्या गेल्या त्यांचं काय? टेस्टिंगची ती, जुळी झाली होती तिला."  धाकट्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले मागच्या वर्षांचं बघू, एकदम होणार नाही. बघू म्हणजे काय ते मला दर सोमवारी विचारावं लागणार.

आता बाबांचं. तुमचं पत्र सोळा तारखेला आलं. त्यांनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्या दिवसापासून ते शर्ट बदलतात तेव्हा पत्रही नव्या शर्टाच्या खिशात जातं, पण बोलत नाहीत. नळ दुरुस्त करायलाही गेले नाहीत. मी चौथ्या दिवशी म्हटलं, "बाबा, मला माहीत आहे." म्हणाले, "तुला काय माहीत आहे?" मी तुम्ही मला लिहिलेलं सगळं सांगितलं. संप, रेघ, अडीचशे, पंचावन्न. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "आणि लेथचं?"

कसली लेथ, काका? मी विचारलं तर म्हणाले, "तुझ्या काकानं तुलाही नाही लिहिलं म्हणजे." आणि उठून गेले.

कालपासून टेबलाशी बसून ते काहीतरी लिहितायत. बाबांना पत्र लिहिताना मी पहिल्यांदाच बघितलं. पाकिटावर तुमचा पत्ता आहे. मी आत काय आहे ते विचारलं नाही.

ठकू

•

२६ मे

दादा,

मला लिहायची सवय नाही. चुकेल तिथे समजून घे.

तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंस की सगळं लिहितो आहे. सगळं नाहीस लिहिलं. वाट्याच्या भरवशावर मी आणि दोघा मित्रांनी मिळून जुनी लेथ मशीन घ्यायची ठरवली होती. इसार द्यायला तू माझ्याबरोबर आला होतास. फेब्रुवारीचा महिना होता. तू त्या माणसाशी घासाघीस करून किंमत खाली आणलीस आणि येताना म्हणालास, "आता तू मालक होणार." बाकीची रक्कम एप्रिलच्या अखेरीला द्यायची होती. वाटा आला नाही. इसार बुडाला. त्या दोघांनी नंतर दुसरीकडून पैसे उभे करून छोटा कारखाना काढला, मी परत मशीन शॉपला तुमच्याच कंपनीत पाइप जोडायच्या बत्तीस बोल्टाच्या फ्लँजा फिरवत राहिलो. म्हणजे तू पंचावन्न लिहिलंस तेव्हा नुसता माझा वाटा जातोय एवढंच तुला माहीत होतं असं नाही. काय जातंय ते नेमकं माहीत होतं. मे महिन्यात तू पैसे उसने देऊ का म्हणून विचारलंस. मी म्हणालो, नको, कंपनीनं दिलं नाही ते भावाकडून कशाला. तेव्हा तू मान खाली घातलीस. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय.

मला लेथचं दुःख आता नाही. माझा संसार झाला, पोरगी शिकली. टर्नर म्हणून माझ्या हाताला नाव होतं. पण तू ते पत्रात गाळलंस, ते मला लागलं. एकतीस वर्षांनी लिहायला बसलास आणि त्यातही स्वतःला जमेल तेवढंच लिहिलंस.

दुसरी गोष्ट. तू त्या दिवशी विचार केलास तो फक्त माझा. याला वाचवू की नको. आता माफी मागितलीस तीही फक्त माझी. आम्ही अकरा होतो, दादा. त्यांतल्या एकाच्या बायकोनं त्या वर्षी कानातलं विकलं, आणि ती कारण विचारायला कचेरीत आली होती. तुझ्याच टेबलाशी. तू तिला नियम दाखवलास.

तुला माफ केलं का, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही. जेव्हा माहीत होईल तेव्हा सांगेन.

दहांपैकी सहा जण आहेत. त्यांचे पत्ते मागच्या पानावर लिहिलेत, पोरीनं तपासलेत. प्रत्येकाला वेगळं पत्र लिही. एकच लिहून सहा नकला काढू नकोस. ते एकमेकांना दाखवणार, त्यांना कळेल.

बाकीचे चौघे गेले. त्यांच्या घरी पत्र पाठवायचं नाही. तिथे जायचं. घरं तुला सापडणार नाहीत, दोघांनी जागा बदलल्यात. पुढच्या महिन्यात दोन दिवस काढून ये. स्टेशनवर मी घ्यायला येतो आणि चारही घरी बरोबर येतो.

बोलायचं मात्र तू.

तुझा भाऊ